साठच्या कॅसेटमध्ये न मावलेली दोन मिनिटं

इथले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. आणि खरं सांगायचं तर वाचून झाल्यावर बहुतेकांवर मनातल्या मनात एक शेरा मारते — 'नॉट रिप्रोड्युसिबल'. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी चूक कधी, कुठे, काय दाबल्यावर दिसली ते ओळीने लिहायचं, आणि दुसऱ्याने तेच केलं की त्यालाही ती दिसली पाहिजे, यावर माझं पोट चालतं. 'मला असं जाणवलं' या वाक्याला आमच्या ऑफिसात कोणी दारात उभं करत नाही. घरीही फार वेगळं नव्हतं. आई-वडील दोघंही शिक्षक, आमच्या नारायण पेठेतल्या घरात कोणी भुताखेतांचं बोलायला लागलं की वडील शांतपणे विचारायचे, "आपण स्वतः पाहिलंत, की कोणी सांगितलं?" बहुतेक वेळा तिथेच विषय संपायचा.

तर आता मी स्वतः लिहायला बसले आहे... आणि आधीच सांगते, यात अमावस्या नाही, सुनसान रस्ता नाही, वळून पाहिल्यावर कोणी नाहीसं झालेलं नाही. सगळं दिवसाढवळ्या घडलेलं आहे. फक्त एक गोष्ट अशी आहे की जी असूच शकत नाही, आणि ती आहे. माझ्याकडे आहे. कोणालाही ऐकवू शकते.

मला गाण्यांच्या रेकॉर्डिंगचा नाद आहे. नवरा त्याला आजार म्हणतो. त्यातही गाजलेली गाणी नकोत मला. कुठल्या कंपनीने कधी काढली नाहीत, कोणीतरी गिटार घेऊन वीस-पंचवीस माणसांपुढे एकदाच म्हटली, अशी. स्वतः लिहिलेली, आणि बहुधा उदास. नव्वदीत केबल आली, गाण्यांचे चॅनल आले, आणि पुण्यातल्या कॉलेजांत गिटारी दिसायला लागल्या. त्यातले बहुतेक नुसतेच केस वाढवायचे. पण काही खरंच लिहायचे. अशांची गाणी टेप करून एकमेकांना पोस्टाने पाठवणारा आमचा एक गोतावळा होता — बेंगळुरू, कलकत्ता, पार शिलाँगपर्यंत. बरेचसे एकमेकांना कधी भेटलेले नव्हते.

आमच्यात नियम दोनच. कॉपी देताना सोबत चिठ्ठी द्यायची: कुठे गायलं, कोणी टेप केलं, कुठल्या मशीनवर, समोर माणसं किती, आणि ही मूळ टेपची कितवी कॉपी. दुसरा नियम — काहीही कापायचं नाही. खोकला, सरकलेली खुर्ची, दोन गाण्यांमधलं बोलणं, सगळं जसंच्या तसं. कोणी म्हणालं की 'जरा साफ करून दे', तर आम्ही सांगायचो, साफ हवं असेल तर दुकानात जा.

माझा स्वतःचा आणखी एक हट्ट होता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते. ती ताणते आणि पुढे-पुढे आवाज डुगडुगतो. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत जाड. म्हणून मी साठचीच वापरायचे. एका बाजूला तीस मिनिटं, मग उलटायची. लोक समजावायचे की अगं, गाण्याच्या मध्येच बाजू संपेल. मी म्हणायचे, माझं लक्ष असतं. चांगल्या आवाजाच्या या हट्टापायी मी एका माणसाचं केवढं नुकसान केलं, ते मला पुढे कळलं.

सुजाता गायकवाड येरवड्याला राहायची. बँकेची परीक्षा पास होऊन आठ महिन्यांत नोकरी सोडलेली. खालच्या पट्टीतला आवाज, आणि गाताना इतकं हळू म्हणायची की समोरचा नकळत पुढे सरकून बसायचा. मराठीत लिहायची. तिच्या एका गाण्याची सुरुवात अशी होती —

दार लावलं नाही मी, नुसतं पुढे केलं आहे,
कोणी येणार म्हणून नाही, सवय आहे, झालं आहे.

मला विचाराल तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मी यापेक्षा चांगलं फार कमी ऐकलं.

दोन हजार साल लागताच कॉम्प्युटर कोलमडणार, असा वायटूकेचा बोभाटा चालू होता त्या वर्षीचा हिवाळा. रविवार, संध्याकाळचे साडेपाच. बुधवार पेठेत एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानावर मोठी खोली होती. मालक गाण्याचे शौकीन, त्यांनी ती वापरायला दिली. वर यायला लाकडी जिना, पाऊल पडलं की करकरायचा. सुजाता दारासमोरच्या भिंतीला टेकून बसली होती, मी तिच्यापासून दोन हातांवर, मांडीवर रेकॉर्डर. समोर तेवीस माणसं. मोजली होती, कारण चिठ्ठीत लिहावं लागतं. आणि रेकॉर्डर एकच, माझा. हे मी खात्रीने सांगते, कारण खोलीत दुसरं मशीन असलं तर आमच्यासारख्यांना आधी मशीन दिसतं, मग माणूस.

'दार पुढे केलं आहे'चं दुसरं कडवं संपलं आणि माझी बाजू संपली. झाकण उघडून कॅसेट उलटायला दहा सेकंद पुरतात. त्या दिवशी झाकण अडकलं. मी मान खाली घालून ते नखाने उचकटत बसले, तळव्याने थोपटलं, मशीनला शिव्या घातल्या. अखेर दुसरी बाजू लावून बटण दाबलं तेव्हा गाणं संपून टाळ्याही थांबल्या होत्या आणि सुजाता पुढच्या गाण्यासाठी तारा जुळवत होती. दोन मिनिटं गेली असतील. मी तिथे ऐकायला गेले होते, आणि नेमकी ती दोन मिनिटं मी खोलीत असून ऐकली नाहीत.

पाच महिन्यांनी सुजाता काविळीने गेली. सव्वीस वर्षांची होती.

त्यानंतर महिन्याभराने एका दुपारी तिचे वडील आमच्या घरी आले. कलेक्टर कचेरीतून नुकतेच रिटायर झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. खिशातून रुमाल काढला, रुमालात एक नवी कोरी कॅसेट होती.

"मधुरा आपणच ना? सुजाता म्हणायची, एक मुलगी टेप करते. यावर उतरवून द्याल का?"

कॅसेट नव्वदची होती. मी काही बोलले नाही, एवढी अक्कल मला तेव्हा होती.

कॉपी व्हायला तासभर लागतो. काका बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसून सगळं ऐकत होते. दुसऱ्या कडव्यानंतर आवाज तुटला तसं त्यांनी वर पाहिलं.

"पुढे?"

"पुढे नाही काका. बाजू संपली माझी."

"म्हणजे या गाण्याचा शेवट कुठेच नाही?"

"नाही."

मग त्यांनी आपणहून सांगितलं. तरुणपणी ते स्वतः जलशात गायचे — ढोलकी, डफ, बाबासाहेबांवरची गाणी, वस्त्यावस्त्यांतून. "आमचं गाणं ऐकून बसलेला माणूस उठायचा," ते म्हणाले. "हिचं ऐकून उभा असलेला बसतो. मी तिला तोंडावर बोललो ते. अशा गाण्याला मी येणार नाही म्हणालो. नोकरी सोडल्याचा रागही होताच. वर्षभर आम्ही दोघं एका घरात, कामापुरतं बोलत होतो."

"पण त्या रविवारी मी आलो होतो. घरी सांगितलं, मंडईत जाऊन येतो. जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराच्या बाजूला उभा राहिलो. हेच गाणं चालू होतं. तिनं मला पाहिलं. आणि मान फिरवली. कुणी अनोळखी असावं तशी. मी थोडा वेळ थांबलो, परत बघेल म्हणून. नाही बघितलं. उतरून गेलो." मग त्यांनी विचारलं, "मी गेल्यावर ती काही बोलली का? तुम्ही शेजारीच बसला होतात."

शेजारी बसले होते. झाकण उचकटत होते. मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं काका." त्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते.

"असू दे," ते म्हणाले. "एक करा, हिच्यापाशी कधी बोलू नका. हिला माहीत नाही मी गेलो होतो. गेलो होतो सांगितलं तर पुढचंही सांगावं लागेल. पोरीनं मरायच्या आधी बापाकडे बघितलं नाही, हे आईला कशाला कळायला हवं?"

हिला म्हणजे काकूंना. पुढे दर वर्षी सुजाताच्या स्मृतिदिनाला मला येरवड्याला बोलावणं असायचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली सुजाता. काकू कॅसेट लावायच्या. गाणं तुटलं की म्हणायच्या, "एवढंच आहे." आणि दर वर्षी कोणा ना कोणापुढे, काकांसमोरच — "यांनी मात्र एकदाही समोर बसून ऐकलं नाही हो पोरीचं. आम्ही सांगून थकलो." काका चहाच्या बशीकडे बघत राहायचे. मीही. आम्हा दोघांनाच माहीत होतं आणि दोघांनाही बोलता येत नव्हतं.

मी माझ्या परीने शोध घेतला. त्या दिवशीच्या तेवीसांपैकी अकरा जण सापडले. "हो, काहीतरी बोलली होती मध्येच... शेवटी टाळ्या होत्या..." याच्या पलीकडे एकालाही आठवेना. निम्मे तर अमेरिकेला होते, त्यांना पुणंच नीट आठवत नव्हतं.

सात वर्षं गेली. ब्रॉडबँड आलं, आमच्या गोतावळ्याने पोस्ट सोडून इंटरनेट धरलं. मी एक ब्लॉग काढला आणि जुन्या टेपा कॉम्प्युटरवर घेऊन एकेक करून तिथे ठेवायला लागले, सोबत चिठ्ठ्याही. काकांना विचारून सुजाताची टेप ठेवली. चिठ्ठीत प्रामाणिकपणे लिहिलं — 'पाचव्या गाण्याचं तिसरं कडवं व शेवट नाही. चूक टेप करणारीची.'

तीन आठवड्यांनी खाली एक कॉमेंट आली. शिलाँगचे एक भूगोलाचे प्राध्यापक, आमच्यातलेच जुने. इंग्रजीत, अतिशय सभ्यपणे लिहिलं होतं, की तुमची कॉपी अपुरी दिसते, माझ्याकडे पूर्ण आहे, हवी असल्यास अपलोड करतो.

माझा जो पारा चढला... अहो, मूळ टेप माझी. मशीन माझं. ती माझ्या मांडीवर जन्माला आली. आणि हा गृहस्थ मला सांगतो, तुमची कॉपी अपुरी आहे. मी एक खास पुणेरी उत्तर लिहिलं, मग ते पुसून फक्त 'कृपया पाठवा' एवढंच लिहिलं.

शनिवार दुपार होती, नवरा पेपर वाचत होता. मी हेडफोन लावला. पहिली चार गाणी तीच. पाचवं सुरू झालं. दुसरं कडवं संपलं, माझी बाजू संपते ती जागा आली... आणि 'टक' असा आवाज झाला.

तो आवाज मी झोपेत ओळखेन. फीत संपली की माझ्या रेकॉर्डरचं बटण आपोआप वर यायचं, त्याचा तो आवाज. म्हणजे मशीन बंद पडल्याचा आवाज रेकॉर्ड झाला होता. आणि गाणं पुढे चालूच होतं.

सुजाता तिसरं कडवं म्हणते आहे. त्याच्यावर, माइकच्या अगदी जवळ, झाकण थोपटल्याचे तीन आवाज, आणि माझं कुजबुजणं — "उघड ना मेल्या." माझाच आवाज, सात वर्षांनी लहान. कडवं संपतं. जिना करकरतो, पावलं एकेक करून खाली जातात. नुसती गिटार वाजत राहते. मग सुजाता, गाण्यातल्या नाही, साध्या आवाजात म्हणते, "गेले वाटतं."

कोणीतरी विचारतं, "कोण गं?"

"बाबा. मगाशी येऊन उभे होते. मी बघितलं असतं ना, तर तेव्हाच उतरून गेले असते. म्हणून नाही बघितलं." जराशी हसते. "अख्खं कडवं थांबले. खूप झालं." आणि मग, "आता शेवटचं त्यांच्या पद्धतीनं म्हणते. टाळ्या द्या जरा."

आणि ते उदास गाणं ती चढ्या पट्टीत, दुप्पट लयीत घेते. मी तिला कधी असं गाताना ऐकलं नव्हतं. तेवीस माणसं टाळ्यांचा ठेका धरतात —

दार उघडंच राहील आता, वारा आला येऊ दे,
चप्पल घालून निघालेल्याला सावकाश जाऊ दे.

मी हेडफोन काढून ठेवला. भीती अजिबात वाटली नाही. हात जोडावेत असं वाटलं, आणि कोणापुढे ते कळेना.

नवऱ्याने ऐकलं आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाला, "दुसरा रेकॉर्डर असणार कोणाचातरी." म्हणून मग मी माझं काम केलं. दोन्ही रेकॉर्डिंग स्क्रीनवर वर-खाली ठेवली. प्रत्येक टेपरेकॉर्डरचा स्पीड थोडा वेगळा असतो, तो जुळवून घेतला. अकराव्या मिनिटाला माझं कोपर माइकला लागलेलं, तो धक्का दोन्हींत. सतराव्या मिनिटाला फितीतच एक खोट होती, क्षणभर आवाज बसतो — तोही दोन्हींत. खोलीतला आवाज दुसरं मशीन पकडेल, पण माझ्या फितीतली खोट दुसऱ्या फितीत कशी येईल? म्हणजे त्यांची कॉपी माझ्याच टेपवरून झालेली होती. आणि ती माझ्या टेपहून दोन मिनिटं आठ सेकंद जास्त होती.

अजून एक. माझ्या दुसऱ्या बाजूच्या अगदी सुरुवातीला दोन सूर आहेत, टिंग टिंग, कशाचे ते मला कधीच कळलं नव्हतं. त्यांच्या कॉपीत, टाळ्या थांबता थांबता खाली रस्त्यावर एक टेम्पो मागे घेताना वाजणारी धून सुरू होते, पूर्ण वाजते, आणि तिचे शेवटचे दोन सूर म्हणजे माझे ते दोन सूर. फाटलेल्या चिठ्ठीचे दोन तुकडे जुळावेत तसं जुळलं. नवऱ्याने पुन्हा ऐकलं, आत गेला आणि चहा टाकला.

मग प्राध्यापकांना दहा प्रश्न पाठवले. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही. "शब्द कळत नाहीत म्हणून जास्त उदास वाटतं," असं त्यांनी लिहिलं. टाळ्यांचं कडवं त्यांना वेगळंच गाणं वाटायचं. बेंगळुरूला एका मित्राकडे गेले असताना त्याच्या कॅसेटवरून त्यांनी एका दुपारात ही कॉपी केली होती. तो मित्र म्हणजे माझा जुना सहकारी. त्याला मीच टेप दिली होती. त्याच्याकडची कॅसेट मागवली. तुटलेली, माझ्यासारखीच. प्राध्यापकांनी स्वतःची कॅसेट कुरियरने पाठवली. त्यावर ती दोन मिनिटं होती. जोड नाही, सांधा नाही, मागची खरखर एकसारखी. सगळ्यात शेवटी मी माझी मूळ कॅसेट स्क्रू काढून उघडली. फीत संपते तिथे संपते. पुढे पांढरी पट्टी, आणि तिच्यावर काही रेकॉर्ड होत नाही.

इथल्या वाचकांपैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. फक्त 'दुसरा रेकॉर्डर' आणि 'कोणीतरी नंतर जोडलं' ही दोन उत्तरं सोडून. माझं मशीन बंद होतं, झाकण उघडं होतं, आणि त्याच मशीनच्या जागेवरून, त्याच माइकने ऐकावं तसं कोणीतरी ऐकत राहिलं. त्या खोलीत जे ऐकणं माझं काम होतं ते दुसऱ्याच कोणी केलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. माझ्या स्वतःच्या यादीत ही एकच नोंद 'उघडी', म्हणजे न सुटलेली, आहे.

काकांना फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. कुरियर वगैरे सगळं नंतरचं; हेडफोनवर ऐकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी अकराला, लॅपटॉप घेऊन येरवड्याला गेले. काकू स्वयंपाकघरात पोह्यांची तयारी करत होत्या. मी हळूच म्हणाले, "काका, शेवट सापडला." त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मग हेडफोनसाठी हात पुढे केला.

ऐकताना त्यांचे डोळे मिटलेले होते. जिना करकरला असेल तेव्हा त्यांनी पाय जवळ ओढून घेतले. पुढे काय ऐकू येतं आहे ते मला पाठ होतं, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. शेवटचं कडवं चालू असताना ते एकदम म्हणाले, "इथे श्वास चुकला तिचा. वर चढताना नेहमी चुकायचा. मी सांगायचो तिला, लहानपणी." कानात हेडफोन असल्यामुळे मोठ्याने बोलले. मग ते रडायला लागले. तोंड झाकलं नाही, रुमालही काढला नाही.

"कुठून आलं हे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही काका. खरंच माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. "सात वर्षं मला वाटत होतं, माझ्यावर राग धरून गेली पोरगी." मग ते लॅपटॉपकडे वळले. हेडफोनची वायर कुठे जाते ते बोटाने शोधलं आणि स्वतःच्या हाताने पिन ओढून काढली.

"अगं, जरा बाहेर ये," त्यांनी हाक मारली. "मधुरा, ते गाणं पहिल्यापासून लावा."

काकू पदराला हात पुसत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. पहिलं कडवं, दुसरं. नेहमीच्या जागेला त्या सवयीने "एवढंच..." म्हणाल्या आणि थांबल्या, कारण गाणं थांबलं नाही. जिना वाजला. "गेले वाटतं," सुजाता म्हणाली. "कोण गं?" "बाबा."

काकूंनी काकांकडे पाहिलं. टाळ्या सुरू झाल्या, शेवटचं कडवं झालं, टेम्पोची धून वाजून थांबली. मी बंद केलं.

"तुम्ही गेला होतात?"

"हो."

"आणि मी इतकी वर्षं, चारचौघांत... तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत."

"काय बोलणार? मला वाटलं तिनं..."

काकूंनी स्टूल ओढलं आणि त्यांच्या खुर्चीला अगदी चिकटवून बसल्या. त्यांचा हात मनगटाजवळ धरला, तो सोडला नाही. मग मला म्हणाल्या, "कोणी टेप केलं गं हे? तू तर म्हणायचीस बाजू संपली."

"संपलीच होती काकू. माझं मशीन बंद होतं."

"मग?"

"मला माहीत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "परत लाव. आता यांच्या शेजारी बसून ऐकते."

मी परत लावलं.